सायकल कोणत्या सालात परत न्यायची?

माळ्यावरून किंवा गोठ्यामागच्या अडगळीतून निघालेली रॅले, हर्क्युलस नाहीतर बीएसए घेऊन माणूस दुकानात गेला, की मिस्त्री दोनच गोष्टी विचारतो : रंग कोणता मारू, आणि पार्ट ओरिजिनल टाकू की बाजारातले? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्या आधी आणखी एक प्रश्न सुटलेला असावा लागतो. ही सायकल कोणत्या सालात परत न्यायची? कारखान्यातून बाहेर पडली त्या सालात, इथल्या पेठेत विकली गेली त्या सालात, की कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून घरच्या माणसाने ती वर्षानुवर्षे दामटली त्या काळात? सातारा-सांगली पट्ट्यातल्या सायकलीपुरते माझे मत तिसऱ्या उत्तराकडे झुकते. इथे सायकलीचा इतिहास बहुतेक विक्रीनंतर घडलेला असतो. कारखान्याने जे दिले ते हळूहळू झिजले, मोडले, बदलले गेले, आणि प्रत्येक बदलाने एक खूण मागे ठेवली. या खुणा पुसून ‘नव्यासारखी’ केलेली सायकल दिसायला देखणी होते, पण तिला विचारण्यासारखे काही उरत नाही.

या भागाच्या कारखानदारीचे मूळ शोधत गेले तर ते एका सायकल-दुकानापाशी पोचते, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर बेळगावात सायकलींचा व्यवसाय केला. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो तो या दुकानामुळेच. सायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे, असा तो धंदा होता. पुढे कडबा कापायची यंत्रे आली, लोखंडी नांगर आला. १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. जुन्या सायकलीच्या कामात या इतिहासाचा उपयोग अगदी रोकडा आहे. ओतकाम आणि लेथ या भागाच्या अंगवळणी पडले आहेत. पलूस, कुपवाड, मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत असा टर्नर अजून सापडतो, जो हातात दिलेला झिजका कप पाहून ‘कधी पाहिजे?’ एवढेच विचारतो.

आधी नोंद, मग रॉकेल

पहिला नियम निषेधाचा आहे : सायकल धुऊ नका. फडके आणि डिझेल घेऊन बसलेला उत्साही मालक पहिल्याच तासात जेवढा पुरावा घालवतो, तेवढा तीस वर्षांच्या गंजानेही गेलेला नसतो. (रॉकेल म्हणायची सवय आहे, पण ते आता मिळते कुठे?) आहे त्या अवस्थेत चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. प्रत्येक नट कोणत्या बाजूला किती बाहेर आहे, कॉटरची पिन वरून ठोकली आहे की खालून, चेनकव्हर कशाने बांधले आहे, हे लिहून ठेवावे. तारेने बांधलेले चेनकव्हर ही सुद्धा नोंद आहे. मूळचा स्क्रू मिळेना, तेव्हा कोणीतरी घरीच भागवले, असे ती सांगते.

सांगली-मिरजेच्या सखल भागातून आलेल्या सायकलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे पुराचा गाळ. २००५ साली कृष्णेचे पाणी गावात शिरले. ऑगस्ट २०१९ मध्ये तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली. अशा पाण्यात काही दिवस उभ्या राहिलेल्या सायकलीचा गंज वेगळा असतो. दमटपणाचा गंज जिथे रंग उडाला तिथून पसरतो आणि त्याला रेषा नसते. पाण्यात उभ्या राहिलेल्या फ्रेमवर तो बऱ्याचदा एका आडव्या पातळीपर्यंत दाट असतो, वर विरळ. बॉटम ब्रॅकेट उघडला की खात्री होते. रस्त्याची धूळ ग्रीसमध्ये मिसळून काळा, चिकट लगदा होतो. पुराचा गाळ मात्र बारीक, करडा, वाळून वडी पडलेला असतो, आणि सीटच्या नळीतून खाली उतरून ब्रॅकेटच्या पोटात बसतो. ती वडी फेकू नये. कागदाच्या पुडीत घालून तारखेसह ठेवावी. गाळ स्वतःहून पुराचे साल सांगत नाही, पण सायकल त्या वेळी कुठे होती या प्रश्नावर घरच्यांची आठवण आणि गाळ जुळले, तर दोन्हींना बळ येते.

रंगाच्या थरांसाठी एक जुनी, सोपी रीत आहे. ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, रुपयाएवढा भाग बारीक वॉटरपेपरने पाण्यात भिजवून हलके हलके घासायचा. मध्यभागी जास्त, कडेला कमी. लोखंड दिसले की थांबायचे. मग त्या उथळ वाटीत थरांची वर्तुळे दिसू लागतात. बाहेर अलीकडचा ब्रशने मारलेला निळा, त्याच्या आत लालसर प्रायमर, त्याच्या आत कधीचा तरी हिरवा, आणि सर्वांत आत, लोखंडाला बिलगलेला, चकचकीत काळा भट्टीतला एनॅमल. क्रम हाच असेल असे नाही, पण क्रम असतो. मधल्या दोन थरांमध्ये धुळीची बारीक रेघ दिसली, तर तो रंग न घासता, घाईत मारलेला. सणाच्या आदल्या दिवशीचा असावा, असे मनात येते; मनात येते एवढेच, नोंदवहीत लिहायचे नाही.

लोखंडावरची तारीख

फ्रेमचा नंबर सीटच्या लगवर किंवा ब्रॅकेटच्या खाली ठोकलेला असतो. पुष्कळांचा समज असा, की हा नंबर इंग्लंडला कळवला की साल परत येते. ब्रिटनमध्ये १९५५ पासून काम करणाऱ्या व्हेटरन-सायकल क्लबसारख्या संस्थांकडे नंबरांच्या याद्या आहेत हे खरे, पण त्या साऱ्या सलग नाहीत. म्हणून नंबर हा अनेक साक्षीदारांपैकी एक समजावा.

सर्वांत बोलका साक्षीदार मागच्या हबमध्ये असतो, पण तो नशिबात असावा लागतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब असेल, तर त्याच्या कवचावर मॉडेलच्या अक्षरांशेजारी वर्षाचे आणि पुष्कळदा महिन्याचेही आकडे ठोकलेले असतात. १९३६ मध्ये आलेल्या ‘एडब्ल्यू’ मॉडेलवर ‘५२’ आणि ‘६’ दिसले, तर हब जून १९५२ चा. इथे एक सावधगिरी हवी : हे हबचे साल आहे, फ्रेमचे नव्हे. चाक बदलले गेले असू शकते. ज्या भागात चाके, कॅरिअर आणि सीट एका सायकलवरून दुसरीवर सर्रास जात, तिथे एका भागाच्या तारखेवरून सगळ्या सायकलीचे साल ठरवणे म्हणजे एका खांबाच्या लाकडावरून वाड्याचे वय सांगण्यासारखे आहे.

तर्काचा कणा असा. न हलणारा भाग, म्हणजे फ्रेम, जन्माकडे बोट दाखवतो. सर्वांत नवा भाग शेवटच्या मोठ्या दुरुस्तीकडे. मधल्या भागांवरून सायकल कशी जगली ते कळते. चकाकी पाहावी : निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार असते, क्रोमची निळसर आणि थंड. ब्रिटिश सायकलींवर १९३० च्या सुमारापासून क्रोम रूढ झाले. दुसऱ्या महायुद्धात धातूच्या टंचाईमुळे एरवी चकाकणारे भागही काळे रंगवले गेले. त्यामुळे काळे हँडल दिसले की ते नंतर रंगवले असे लगेच धरू नये. काळ्याखाली क्रोम आहे की नुसते लोखंड, ते आधी पाहावे.

मग बोधचिन्ह. हेडवरचा बिल्ला उपटून दुसऱ्या फ्रेमला ठोकणे फार सोपे असते, म्हणून चिन्ह एकाच ठिकाणी पाहून चालत नाही. रॅलेच्या पुढच्या चक्रात बगळ्याची मुंडकी कापलेली असतात, बीएसएच्या चक्रात तीन अक्षरे असतात, तीन बंदुकांचे चिन्ह त्या बंदूक-कारखान्याच्या जन्माची आठवण देते. बिल्ला एका कंपनीचा आणि चक्र दुसरीचे असेल, तर बिल्ल्याखालच्या भोकांकडे पाहावे. जुनी भोके बुजवून नवी पाडलेली असतील, तर बिल्ला नंतरचा. कंपन्यांचे आपसांतले व्यवहारही इथे नडतात. रज-व्हिटवर्थ १९४३ मध्ये रॅलेकडे गेली, बीएसएचा सायकलविभाग १९५७ मध्ये. त्यामुळे बिल्ला रजचा आणि भाग रॅलेचे, हे त्या सालानंतरच्या सायकलीत भेसळीचे लक्षण ठरत नाही.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधने आली आणि तीच नावे देशात घडू लागली. आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये स्थापन झालेली टीआय सायकल्स, जिथे हर्क्युलस बनू लागली आणि पुढे फिलिप्स व बीएसएसुद्धा. १९५१ मध्ये सोनीपतची अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियानाची हीरो. म्हणून ‘आजोबांची इंग्लिश रॅले’ म्हणून दाखवली जाणारी सायकल नॉटिंगहॅमची की आसनसोलची, हे आधी ठरवावे. आसनसोलची निघाली तर तिची किंमत बाजारात कमी होते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती तेवढीच मोलाची, कदाचित जास्तच, कारण तिच्यावर लिहिणारे फार थोडे.

पावती, बिल्ला आणि घरची आठवण

सातारा-सांगलीत कागदाचा पुरावा वाचताना राज्यव्यवस्था विसरून चालत नाही. सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, तासगाव ही गावे ब्रिटिश अमलाखाली होती. तिथल्या नगरपालिकांना १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याने वाहनांवर कर बसवता येत असे. सांगली, मिरज, औंध, जत, फलटण ही संस्थाने. त्यांचा कारभार वेगळा. ८ मार्च १९४८ ला ती मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, आणि दक्षिण सातारा या नावाचा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. या चार-पाच तारखा पाठ असल्या, की दुकानदाराची जुनी पावती हातात पडताच अर्धे काम होते. पत्त्यात ‘जि. दक्षिण सातारा’ छापले असेल तर पावती १९४९ ते १९६० च्या दरम्यानची, फार तर जुनी पुस्तके संपेपर्यंत पुढे ओढलेली. ‘संस्थान सांगली’ असेल तर १९४८ च्या आधीची. सायकलकराचा धातूचा बिल्ला सापडला आणि त्यावर सांगली किंवा मिरज नगरपालिकेचे नाव वेगवेगळे असेल, तर तो १९९८ च्या आधीचा, कारण त्या वर्षी सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली. बहुतेक बिल्ल्यांवर साल असतेच. नसेल तेव्हा ही कुंपणे कामी येतात.

जाहिरातींसाठी ‘केसरी’ आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक चाळावेत. साताऱ्याचे नगरवाचनालय १८५२ चे, सांगलीचे १८६९ चे. सांगलीच्या वाचनालयातल्या ग्रंथांची २०१९ च्या पुराने मोठी हानी केली. तेव्हा घरोघरी पडलेल्या पावत्या आणि लग्नातल्या आहेराच्या याद्या यांचे मोल वाढले आहे. आहेराच्या यादीत सायकल सापडली तर साल, गाव आणि देणारा तिन्ही एका ओळीत मिळतात.

घरच्या आठवणी हा भाग मात्र नाजूक. या जिल्ह्यांत जुन्या सायकलीला प्रतिसरकारची गोष्ट हमखास चिकटते. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात गावोगावी समांतर कारभार चालला, कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना उभी राहिली, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली. तेव्हा ‘आमच्या पणजोबांनी निरोप याच सायकलवरून पोचवले’ असे कोणी सांगितले, तर हसण्यावारी नेऊ नये आणि खरेही मानू नये. विधानाचे दोन तुकडे करावेत. पणजोबांनी निरोप पोचवले, हा एक दावा. याच सायकलवरून, हा दुसरा. फ्रेम अंबत्तूरची निघाली तर दुसरा दावा तिथेच संपतो, कारण तो कारखाना तेव्हा नव्हता. पहिल्याला मात्र धक्काही लागत नाही. पुष्कळदा असे होते, की मूळ सायकल मोडली, तिच्या जागी दुसरी आली, आणि गोष्ट एका सायकलवरून दुसरीवर कॅरिअरसारखी चढवली गेली. गोष्ट जशी सांगितली तशी, सांगणाऱ्याच्या शब्दांत आणि तारखेसह लिहून घ्यावी. फ्रेमचा निष्कर्ष वेगळ्या पानावर.

सोडवणे आणि आटे

सर्वांत जास्त नुकसान आट्यांचे होते. उजव्या बाजूचा, म्हणजे चेनकडचा ब्रॅकेटचा कप ब्रिटिश पद्धतीत उलट्या आट्यांचा असतो, डाव्या पेडलचेही तसेच. हे माहीत नसलेला माणूस पाना लावून जीव खाऊन उलट दिशेने आवळत बसतो. त्याहून फसवी गोष्ट पेचांच्या संख्येची. रॅलेच्या ब्रॅकेटला इंचात २६ आटे, बीएसए पद्धतीच्या ब्रॅकेटला २४, आणि बाजारात सहज मिळणारा कप २४ चा. व्यास जवळजवळ सारखा, त्यामुळे २४ चा कप २६ च्या ब्रॅकेटमध्ये पहिले दोन फेरे बसतो आणि मग अडकतो. ‘जरा ताठ आहे’ म्हणून पुढे रेटला, की दोन्हींचे आटे गेले. एक फेरा २६ आट्यांत सुमारे ०.९८ मिलिमीटर पुढे जातो, २४ आट्यांत १.०६, फरक एवढासा, पण दहा फेऱ्यांत जवळपास एका आट्याएवढा होतो. त्यामुळे पिच-गेज लावल्याखेरीज कप आत घालू नये.

कप मिळालाच नाही तर टर्नर करून देतो. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते : सायकलीच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा असतो, व्हिटवर्थ आट्यांचा ५५. जुन्या इंजिनांवर आणि पंपांवर हयात घालवलेल्या माणसाचा हात इंच-आटे म्हटले की आपसूक व्हिटवर्थकडे जातो.

छर्रे मोजून ठेवावेत. ब्रॅकेटला पाव इंची, प्रत्येक बाजूला अकरा. मागच्या हबला पाव इंची नऊ. पुढच्या हबला तीन-सोळांश इंची दहा. एखाद्या बाजूला आठच निघाले, तर कोणा मिस्त्रीने हाती होते तेवढ्यावर भागवले, हे कळते. छर्रे सगळे नवे घालावेत, एक-दोन बदलून चालत नाही, कारण नव्याचा व्यास घसाऱ्याने बारीक झालेल्यांपेक्षा मोठा पडतो आणि भार त्या दोघांवरच येतो. ब्रिटिश पद्धतीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात. हाच हिशेब इथल्या साध्या सायकलींत टिकून राहिल्याने रिम मिळणे सोपे जाते. पुढे-मागे ३६-३६ तारा दिसल्या, तर चाके किंवा सायकल युरोपच्या दुसऱ्या भागातली असण्याचा संशय घ्यावा.

गंज, झाळ, रंग

गंजासाठी ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण चांगले काम करते आणि जुन्या काळ्या एनॅमलला फारसा धक्का लावत नाही. ते विषारी आहे, हातमोजे घालावेत, आणि बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे. मोडलेल्या लगला गॅसवर पितळी झाळ द्यावी. जुन्या फ्रेमचे सांधे मुळात झाळलेले असतात, त्यावर आर्क वेल्डिंगची रेघ ओढणे म्हणजे शेजारची नळी जाळणे.

पूर्वीच्या मिस्त्रीने घातलेली लोखंडी पट्टी, दुधाच्या किटल्यांसाठी वाढवलेले कॅरिअर, जाड तारांचे मागचे चाक हे ‘चुकीचे’ म्हणून काढायचे का? सायकल चालवण्यास धोका नसेल तर माझे उत्तर नाही असे आहे. औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंग स्वस्तात होते आणि मोह पडतो. पण आधीच्या शॉट ब्लास्टिंगने नंबरच्या कडा बोथट होतात, आणि पावडरचा जाड थर लगच्या रेखीव कडा बुजवतो. त्यापेक्षा उरलेला रंग स्थिर करावा. उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवला, कोरड्या फडक्याने पुसून काढला, आणि काही दिवस वाळू दिला, की गंज रोखला जातो आणि सोनेरी रेघांचे उरलेले तुकडेही उजळतात. तेलाचे फडके गोळा करून टाकू नये, आपोआप पेट घेते. पसरून वाळत घालावे.

गिअर, ब्रेक आणि रस्ता

इतिहास वाचायची आणखी एक जागा मागच्या फ्रीव्हीलवर आहे. २८ इंची चाक, पुढे ४८ दाते आणि मागे २० असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.३६ मीटर पुढे जाते. सांगलीच्या सपाटीला हे ठीक. मागे २२ दाते असतील तर अंतर ४.८७ मीटरवर येते. म्हणजे कोणीतरी चढासाठी किंवा ओझ्यासाठी मुद्दाम हलका गिअर निवडला. साताऱ्यात यवतेश्वराच्या घाटाला २० दात्यांवर बसून कोणी फार वर गेले नसावे. तीन गिअरच्या हबमध्ये मात्र पहिला गिअर मूळच्या पाऊणपट असतो, म्हणजे तेच चक्र चार मीटरवर येते.

चढाचे झाले, उताराचे त्याहून महत्त्वाचे. सळईचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला रबर दाबतात, आणि क्रोमच्या ओल्या रिमवर ते जवळजवळ धरत नाहीत. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी कोरड्या, सपाट रस्त्यावर घ्यावी, दुसरी तिथेच रिम ओली करून. तिसरी, उताराची, सगळे नट पुन्हा आवळल्यावरच. कॉटरची पिन पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर बसते आणि ढिली पडते. तेव्हा पुन्हा ठोकून नट घट्ट करावा, नाहीतर पेडलला झोल येऊन पिन कायमची कापली जाते.

नवीन कप, नवी पिन, नव्याने घडवलेला नट, जे काही आज केले असेल त्यावर आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने आजचे साल बारीक पंचाने ठोकून ठेवावे. टर्नरने चार-पाच नग एकदम केले तर उरलेल्यांवरही, नाहीतर पन्नास वर्षांनी कोणी हाच कप उलटून पाहील आणि तो नॉटिंगहॅमचा समजेल.